कॅमेऱ्याला वारा

मुलुंडच्या मैदानात, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, पत्र्याच्या मांडवाखाली एका अनोळखी मुलाने पहिल्याच वाक्यात माझी अक्कल काढली.

"वेडी आहेस का गं? गुदमरतोय तो कॅमेरा."

अस्सा राग आला ना मला! डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, आणि त्यात बुक्का उधळतात. तो आत जाऊ नये म्हणून मैत्रिणीचा उसना कॅमेरा मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला होता, फक्त भिंग बाहेर. स्वतःच्या हुशारीवर खूशही होते. पण पडद्यावर थर्मामीटरचं लाल चित्र लुकलुकत होतं, आणि आबांची बारी अजून सुरूच व्हायची होती.

तुझं काय जातंय, असं मी फणकाऱ्याने विचारलं. त्याचं काहीच जात नव्हतं म्हणे. त्याचा कॅमेरा आत्ताच तापून बंद पडला होता, त्याच्या काकांचा अर्धा गजर रेकॉर्ड व्हायचा राहिला होता. आता माझी पाळी.

आबा म्हणजे माझे आजोबा, भजनातले लवू बुवा. बुधवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. उभ्या जन्मात त्यांनी एक भजन रेकॉर्ड करू दिलं नव्हतं. भजन डब्यात कोंडायचं नसतं म्हणे! आज आईने जेवण टाकलं, तेव्हा कुठे एका कॅमेऱ्याला हो म्हणाले.

"मग सांग ना काय करू," मी म्हणाले. रडूच येत होतं.

त्याने पिशवी काढली. कॅमेरा बंद करून बॅटरीचं झाकण उघडलं, मागचा पडदा कॅमेऱ्याच्या अंगापासून लांब वळवला, चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला. सरबतवाल्याकडून बर्फ आणू का, विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं... बर्फाने आत ओल धरते, मग कॅमेरा कायमचाच जातो. डोळे मात्र छान होते मेल्याचे. नाव सुबोध.

तेवढ्यात पखवाज वाजला. आबा उभे राहिले आणि मी कॅमेरा चालू करून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

सुबोध धावत समोरच्या गटात गेला, स्वतःच्या काकूच्या हातातला ताडाचा पंखा काढून घेतला आणि परत येऊन माझ्या कॅमेऱ्याला वारा घालू लागला. समोरचा गट म्हणजे श्यामसुंदर बुवांचा. आबांचे प्रतिस्पर्धी! आणि हा त्यांचा सख्खा पुतण्या. सगळी मंडळी त्याच्याकडे टकामका बघायला लागली.

"तुझे लोक बघतायत," मी कुजबुजले.

"बघू देत. तू लाल दिव्याकडे बघ."

"आणि तू?"

"मी बघतोय ना... योग्य तिकडेच."

माझे कान तापले. आबांचा आवाज वर चढत होता, मध्येच फाटत होता. पंखा मंदावला की थर्मामीटर परत दिसायचं. याचा हात भरून आला, घामाने शर्ट भिजला, तरी पठ्ठ्या थांबला नाही. मी विठ्ठलाला म्हटलं, एवढी बारी होऊ दे रे बाबा.

शेवटी सवाल-जवाब आले. श्यामसुंदर बुवांनी टाळ उचलला, हसत आमच्याकडे बघितलं आणि मालवणीत गायले,

"लवू बुवा, झील आमचो वारो घालता तुमका,
आता परत धाडतलास की ठेवतलास त्येका?"

आमचा मुलगा परत धाडणार की ठेवून घेणार म्हणे! मांडव खो खो हसला. सुबोध लालेलाल, पण पंखा चालूच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आबांनी घसा दाबून धरला. त्यांना जमेना. सुबोधचा पंखा मंदावला, थर्मामीटर पुन्हा लुकलुकायला लागलं, आणि मग फाटक्या आवाजात, पण सुरात, त्यांनी जवाब दिला.

"झील तुमचो गुणाचो, आमका काय जड नाय,
पण चेडवाक इचारा बुवा, तिच्या मनात काय?"

दोन्ही गट माझ्याकडे वळले. मी सुबोधच्या हातातला पंखा घेतला आणि त्यालाच वारा घालायला लागले.

"अगं, मला नको... कॅमेऱ्याला!" तो घाबरून म्हणाला.

तोपर्यंत कॅमेरा बंद पडला होता.

आबा आता बोलू शकत नाहीत. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे रोज लागतं आणि "तिच्या मनात काय" वर संपतं. सुबोध शेजारी बसलेला असला की आबा हाताने वारा घालायची खूण करतात, आणि मी ताडाचा पंखा आणायला उठते.