तीन चकचकीत कडा

"माझ्या हाताने माझी मुलगी मेली का, एवढंच मला सांगा," म्हातारा म्हणाला. पुढे केलेल्या खुर्चीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

वहिनींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासण्यात गेली होती. आता लोक खासगी चौकशा घेऊन येत. सगळेच त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांचे दीर तसं म्हणत. हे दीर, म्हणजे भाऊजी, भूगोलाचे निवृत्त मास्तर. जगातल्या नद्या त्यांना तोंडपाठ होत्या, पण समोरचा माणूस थापा मारतोय हे ध्यानात यायला त्यांना आठवडा लागे.

"बसा आधी," वहिनी म्हणाल्या. "आणि सुरुवातीपासून सांगा."

म्हातारा बसला. घरातले त्याला दादा म्हणत. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे, पत्र्याच्या पेट्या करायच्या आणि त्यांत अँप्लिफायर बसवून द्यायचे, हाच त्याचा धंदा. मुलगी गाण्याचे वर्ग घ्यायची. तिलाही त्याने एक पेटी करून दिली होती. गेल्या शनिवारी तिने वर्गाच्या आधी पेटी चालू केली, पेटीला हात लावला आणि तिथेच कोसळली. पत्र्यात वीज उतरली होती.

"पोलिसांनी पेटी उघडून दाखवली," दादा म्हणाला. "मागे सॉकेटसाठी चौकोनी भोक असतं ना, त्याची आतली धार घासून बोथट केलेली नव्हती. तिने वायर चिरली. मी धार मोडायला विसरलो असणार. वय झालं."

"भोक तुमचंच होतं?"

"पेटी माझी, म्हणजे भोक माझंच. डोळ्यांत पाणी होतं, फार नीट बघितलं नाही. पण काम सफाईदार होतं. इतकं सरळ भोक हाताने कापणारा दुसरा कोणी इथे नाही."

"कसं कापता?"

"आखलेल्या रेघेच्या आतून बारीक भोकं पाडत जायचं, मधला तुकडा पाडायचा आणि कानशीने घासत रेघेपर्यंत यायचं. मग रंग. मग आतले भाग. हा क्रम मी मेलो तरी मोडणार नाही. आधी भाग बसवले तर पत्र्याचा चुरा आत पडतो." तो थांबला. "जावई दारात उभं करत नाही हो. नातीला भेटू देत नाही. आणि त्याचं काय चुकलं? रविवारी तिने मला जेवायला बोलावलं होतं. का बोलावलंय ते सांगितलं नव्हतं. शनिवारीच गेली."

---

जावयाने दार उघडलं तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती.

"सासऱ्यांनी पाठवलं असेल तर आल्या पावली परत जा," तो म्हणाला.

"पाठवलंय त्यांनीच," वहिनी म्हणाल्या. "पण दोष त्यांचा निघाला तर तेही सांगेन."

त्याने वहिनींना आणि भाऊजींना मागच्या खोलीत नेलं. पोलिसांनी परत दिलेली काळी पेटी टेबलावर होती. वहिनींनी भिंग काढलं आणि सॉकेटचे स्क्रू सोडवून सॉकेट बाहेर ओढलं. तीन पिनांचं, नवंकोरं.

"भाऊजी, बघा."

भाऊजींनी पाहिलं. "चौकोन आहे."

"डोळे आहेत तुम्हाला, कौतुक आहे. कडा बघा."

भोकाच्या वरच्या कडेवर काळा रंग होता. उरलेल्या तीन कडा चकचकीत होत्या. एका कोपऱ्यात पत्र्याला अर्धगोल दातरा उरला होता. भोवतीच्या रंगावर चिकटपट्टीच्या डिंकाची बारीक चौकट होती. आत ट्रान्सफॉर्मरवरच्या मेणात लोखंडाचा चुरा रुतला होता. शेवटी वहिनींनी अर्थिंगच्या वायरचा स्क्रू सोडवला. त्याखाली रंग जसाच्या तसा होता.

"पेटीला तुम्ही कधी हात लावला होता?" त्यांनी जावयाला विचारलं.

"मी? घरातला बल्ब बदलायला मला शेजारी लागतो. माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात, असं ती मध्यंतरी म्हणाली होती. मी म्हटलं, वडिलांना सांग. तर म्हणे, सांगितलं की ते पेटी उचलून नेतील आणि महिनाभर देणार नाहीत."

"त्यानंतर काही वेगळं जाणवलं?"

तो आठवत राहिला. "दुपारी इथे दार लावून बसायची. तंबोऱ्याचं यंत्र मोठ्याने लावायची, पण गाणं ऐकू यायचं नाही. म्हटलं, आवाज बसला असेल. आणि बोटांना पट्ट्या होत्या. किसणीने कापलं म्हणाली."

"कुठल्या हाताच्या बोटांना?"

"डाव्या. का?"

"किसायची कुठल्या हाताने?"

"उजव्या. सगळंच उजव्या हाताने करायची." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. वहिनींनी सॉकेट पिशवीत ठेवलं आणि पेटीचे बाकीचे स्क्रू हळूच जागेवर लावले.

रस्त्यावर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच! बल्बसुद्धा बदलता येत नाही म्हणणारा माणूस मला कधीच खरा वाटत नाही."

"तुम्हाला तरी कुठे येतो?"



---

दादाचा मुलगा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वडिलांच्याच कारखान्यात पुढच्या बाजूला सुटे भाग विकायचा आणि दुरुस्त्या करायचा. सॉकेट पाहताच त्याने ओळखलं.

"माझ्याच दुकानातलं. ताईने नेलं. दादांना हवंय म्हणाली. जुनं दोन पिनांचं लहान होतं, त्याच्या जागी हे बसवायचं असेल. दादांनीच भोक वाढवलं असणार." त्याचा आवाज खाली आला. "मी पोलिसांना बोललो नाही. दादांनाही नाही. आधीच ते अर्धे झालेत."

"तुम्ही वाढवलं नाहीत?"

"मी वाढवलं असतं तर पंचाने. चौकोनी पंच बसवायचा, हातोड्याचा एक दणका, काम खलास. कानस घासत बसायला वेळ कुणाला आहे?"

आतल्या खोलीत दादाचं कामाचं बाक खिडकीखाली होतं. वहिनी आत गेल्या नाहीत. उंबरठ्यावरच बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ताईपण इथेच उभी राहायची," मुलगा म्हणाला. "तासन् तास. दादा आत येऊ द्यायचे नाहीत. पोरीला शॉक बसेल म्हणून जीव खालीवर व्हायचा त्यांचा. मला मात्र कान धरून बाकावर बसवायचे, आणि मला तर त्याचा कंटाळा."

"भोक घासून झालं की दादा काय करतात?"

"खिडकीकडे तोंड करतात, पेटी मांडीवर उलटी घेतात आणि आतली धार मोडतात. अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंगही तेव्हाच खरवडतात. रंगातून वीज जात नाही ना."

"तोंडाने काही सांगतात?"

"दादा? कामाच्या वेळी त्यांच्या तोंडून हूं की चूं निघत नाही."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

---

"सगळ्यांना एकत्र बोलवायचं ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी उत्साहाने विचारलं.

"नको. ऐकणारा एकच आहे, आणि त्याला सांगावं की नाही हेच मला कळत नाहीये."

दादा आला. या वेळी न सांगता बसला.

"तुमच्या हाताने नाही," वहिनी म्हणाल्या.

म्हाताऱ्याने डोळे मिटले.  भाऊजींना वाटलं, वहिनींनी इथेच थांबावं. पण म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मग कुणाच्या?"

"तुम्ही रंग द्यायच्या आधी कापता. म्हणून तुमच्या भोकाच्या कडांवर रंग चढतो. या भोकाची वरची कड रंगलेली आहे, ती तुमची. बाकीच्या तीन उघड्या आहेत. जुनं लहान भोक नंतर कोणीतरी वाढवलं. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून भोवती चिकटपट्टी लावली. आतले भाग जागेवर असतानाच घासलं, म्हणून चुरा मेणात रुतला. हा तुमचा क्रम नाही."

"पोरगा?"

"तो पंच मारतो. पंचाला दातरे राहत नाहीत. इथे कोपऱ्यात ड्रिलच्या भोकाचा उरलेला अर्धा दातरा आहे. म्हणजे तुमचीच रीत. आणि जावयाला ती रीत ठाऊक असायचं कारण नाही."

"माझी रीत दुसऱ्या कुणाला येत नाही."

"एकीला येत होती, दादा. तिने मुलाच्या दुकानातून तुमच्या नावावर सॉकेट नेलं. कानशीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तंबोरा लावला. गाणं नव्हतंच, काम चाललं होतं. बोटं किसणीने कापली म्हणाली, पण किसणीने किसणारा हात कापतो, उजवा. तिचा डावा कापला होता. पत्रा धरणारा."

दादाने आपला डावा हात उलटा करून पाहिला.

"माइकला झिणझिण्या येत होत्या. जुन्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं. ती पेटी सुरक्षित करत होती. अर्थिंगची वायरसुद्धा जोडली तिने, पण रंगावरच कसली. आणि आतली धार मोडली नाही. दारातून दिसलं ते सगळं तिने अचूक केलं. ही दोन कामं तुम्ही दाराकडे पाठ करून करता."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवून ठेवली. भाऊजींना कुठे बघावं कळेना. एवढ्या चौकशांना ते वहिनींबरोबर गेले होते, पण गुन्हेगारच नसलेली ही पहिलीच, आणि त्यांना कुणावर तरी मनापासून रागवावंसं वाटत होतं.

"मी तिला आत घेत नव्हतो," दादा अखेर म्हणाला. "शॉक बसेल म्हणून."

"ठाऊक आहे."

"रविवारी हेच दाखवायला बोलावलं होतं तिने." मग एकदम त्याने विचारलं, "काम कसं होतं?"

"तुम्ही स्वतः फसलात. याहून वेगळं मी काय सांगू?"

म्हातारा रडला. आवाज न करता, हात मांडीवर तसेच ठेवून, बराच वेळ रडला. मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि उठला.

"बाई, जावयाला काय सांगणार?"

"खरं ते. तुमचा दोष नव्हता म्हणून. नात भेटेल तुम्हाला."

"नको." त्याचा आवाज स्थिर होता. "तिची चूक होती असं तिच्या पोरीने उद्या ऐकायला नको. भोक मी वाढवलं, धार मी विसरलो, असंच सांगा."

"दादा, मग तो तुम्हाला कधीच..."

"नाही भेटू देणार. कळतंय मला." तो दारापर्यंत गेला. "मी तुमच्याकडे आलो तेव्हा देवाकडे मागत होतो, माझा हात नसू दे. आता तुमच्याकडे मागतो, माझाच असू दे."

वहिनींनी आयुष्यात एकही खोटा अहवाल दिला नव्हता.  तरी त्यांनी होकाराची मान हलवली, आणि म्हातारा जिना उतरून गेला.