पहाऱ्याची खुर्ची

ते मोबाइल आधी पालथे घाला. हं. मधेच कुणाचा वाजला तर गोष्ट तिथंच थांबेल, आणि मी एकदा थांबलो की पुन्हा सुरू होत नाही. तुमच्या काकूला विचारा.

खरं तर हे सांगणार नव्हतो. पण ह्या धाकटीला नर्सिंगला जायचंय, तेही मनोरुग्णांच्या वॉर्डात. जा बाई, खुशाल जा. पण ऐकून जा. मी अशाच एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं लिफ्ट चालवली. जिच्यावर हे बेतलं, ती सिस्टर रोज माझ्याच लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर जायची. चाळिशीची, एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली. डॉक्टरलासुद्धा चार शब्द ऐकवायची. पेशंटशी मात्र कधी आवाज चढवला नाही.

तिसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड. बाहेरचे लोक त्याला वेड्यांचा वॉर्ड म्हणाले, की ही भडकायची. "वेड कसलं? मार खाऊन खाऊन झोप उडालेल्या बायका आहेत त्या. मारणारे मोकळे फिरतायत, आणि गोळ्या ह्यांना!"

आता तिथला एक नियम ऐका. जिनं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केलाय, तिच्या पलंगाशी रात्रभर एक सिस्टर खुर्ची टाकून बसते. नजर हलवायची नाही. उठावं लागलंच तर घंटा वाजवून आधी दुसरीला बसवायचं. ती यायच्या आतच उठावं लागलं, तर खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवायची, म्हणजे राउंडवर आलेल्याला लांबूनच कळतं की इथला पहारा तुटलाय. हे पुस्तकी कारण. जुन्या सिस्टर कारण सांगायच्या नाहीत. नुसत्या म्हणायच्या, "रिकामी खुर्ची पेशंटकडे तोंड करून ठेवू नये, बस्स." नव्या पोरी हसायच्या. आमची सिस्टरही हसायची.

तर, सात वर्षं झाली. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, सोमवार. रात्री नऊला ती ड्यूटीवर आली. वर जाताच इन्चार्जबाईंनी तिला बाजूला घेतलं. एक चोवीस वर्षांची पोरगी दाखल झाली होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून जीव द्यायला निघालेली, शेजारणीनं वेळेवर आणली. तिच्यावर रात्रभर पहारा ठेवायचा होता.

"आणखी एक," इन्चार्जबाई हळूच म्हणाल्या. "संध्याकाळी पोलिसांचा फोन आला होता. नवरा हिला शोधत फिरत होता. मोटारसायकलसकट पुलाखाली पाण्यात सापडला. गेला. हे फक्त तुला न् मला माहितीय. सकाळी डॉक्टर सांगतील तिला. आज रात्री कळलं तर ही काय करून घेईल, नेम नाही."

सिस्टर खुर्चीत बसली. पोरगी जागीच होती. दोन तासांनी ती बोलू लागली. सासू म्हणाली होती, आमचा मुलगा असा नाहीच. सख्खा भाऊ म्हणाला, तू राईचा पर्वत करतेस. चौकीत गेली, तर तिथं सांगितलं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. "सिस्टर, माझं कुणालाच खरं वाटत नाही," ती म्हणाली. "कधीकधी मलाही वाटत नाही." मारापेक्षा हेच ह्या पोरीचा जीव घेणार, हे सिस्टरला तेव्हाच कळलं.

तीनला दहा कमी असताना पोरीला हुडहुडी भरली. दातांवर दात वाजायला लागले. कपाट बारा पावलांवर. सिस्टरनं घंटा वाजवली, पण रात्री जोडीला असलेल्या मावशी दुसऱ्या एका पेशंटला धरून बाथरूममध्ये होत्या. पोरगी तर काकडतेय. सिस्टर उठली. बारा पावलं गेली, ब्लँकेट काढलं, बारा पावलं परत आली.

खुर्ची वळवायची राहून गेली.

पोरगी उठून बसली होती. भिंतीला चिकटून. डोळे खुर्चीवर.

"सिस्टर... ते आलेत."

अशा वेळी काय बोलायचं, हे ह्या लोकांना शिकवलेलं असतं. पेशंटला खोटं पाडायचं नाही, त्याच्या भासाला होही म्हणायचं नाही. सिस्टरनं ते वाक्य वर्षानुवर्षं वापरलं होतं. "मला इथं कुणी दिसत नाही, बाळा. पण तुला भीती वाटतेय, हे मला कळतंय."

आणि खरंच, खुर्ची रिकामी होती.

"तुम्हीपण?" पोरगी म्हणाली. "तुम्हीपण तेच म्हणणार?" मग अगदी बारीक आवाजात, "त्यांना विचारा ना... एवढे ओले का आहेत."

सिस्टरच्या हातातून ब्लँकेट गळून पडलं. पाण्याचं पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

टप्.

सिस्टरनं टॉर्च लावला. आधी फरशीवर. खुर्चीखाली पाणी होतं. तिच्या डोळ्यांदेखत वाढत होतं.

टप्... टप्...

उजेड वर सरकला. गुडघे. भिजलेली पँट. गुडघ्यांवर दोन हात, शांत ठेवलेले, रांगेत नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे. त्याच्या वर टॉर्च न्यायचा तिला धीर झाला नाही.

"सिस्टर. खरं सांगा... आहेत ना?"

नियम म्हणत होता, दिसत नाही म्हण. एवढंच म्हणायचं होतं. पण मग ही पोरगी त्याच्यासमोर एकटी पडणार होती. पुन्हा एकटी. सिस्टर मला म्हणाली, "काका, त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. देवाशपथ."

"आहेत," ती म्हणाली. "मलाही दिसतायत."

पोरीनं श्वास सोडला. किती दिवसांचा कोंडलेला, कोण जाणे.

सिस्टर खुर्चीकडे वळली. "उठा. ही ड्यूटीची जागा आहे."

काही नाही.

"उठा म्हणते ना."

काही नाही... टप्... टप्...

मग तिनं टॉर्च विझवला. डोळे मिटले. आणि त्या खुर्चीत बसली.

हो. तो बसलेला असतानाच.

आधी गारवा. हाडांपर्यंत. मग दंडावर काहीतरी... मग खुर्ची एकदा करकरली, जसं कुणी जड माणूस उठल्यावर करकरते. मग शांत.

ती सहापर्यंत हलली नाही. पोरगी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली, घोरतसुद्धा होती. सकाळी डॉक्टरांनी बातमी सांगितली, तर म्हणाली, "माहितीय. सिस्टरांनी उठवलं त्यांना." डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर खिडकीतून बाहेर बघत होती. पोरगी महिनाभरानं स्वतःच्या पायांनी घरी गेली. माझ्याच लिफ्टनं उतरली. आज ती कमावतेय, बरी आहे.

पण त्या सकाळी सिस्टर हात धुवायला गेली. बाही वर केली, तर दंडावर चार बोटं आणि अंगठा. पिवळे डाग. आता मुकामार ह्या लोकांना बरोबर वाचता येतो. ताजा असला की लाल, मग निळा, मग हिरवट, आणि आठ-दहा दिवसांनी जाताजाता पिवळा. हा दहा दिवसांचा होता. आदल्या रात्री तिचा दंड स्वच्छ होता.

इन्चार्जबाईंनी ते पाहिलं. दार लावून घेतलं. दाखल होणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतात तसं, अगदी हळुवारपणे विचारलं, "घरी कोण मारतं तुला?"

"कुणी नाही. मी एकटी राहते."

इन्चार्जबाईंनी नुसती मान हलवली. सगळ्याजणी आधी असंच म्हणतात.

ती अजून भेटते मला. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते, भर उन्हाळ्यातसुद्धा. दोन वर्षांनी तिनं मला डाग दाखवला, तेव्हा तो हिरवट झाला होता. मी म्हटलं, चष्मा बदलायला झाला असेल माझा. पाचव्या वर्षी निळा. मुकामार उलटा चालला होता, ताज्याकडे.

गेल्या महिन्यात पुन्हा दाखवला... काठाकाठानं लाल होत चाललाय.