लवूच्या नावाचं कुलूप

"बर्फ कारखान्याच्या बिलांची फाइल तुम्हीच अडवलीत ना?"

नोकरीवर नुकतीच आलेली मालन टेबलाशी उभी होती. देवरूखच्या लवूने मान वर केली. खिडकीबाहेर श्रावणातला ऊन-पाऊस चालला होता.

"अडवलीय कुठे? घ्या की," तो हसला. "फक्त मागायला असं यावं लागतं."

साल अठ्ठ्याऐंशी. रत्नागिरीत तेव्हा संगणक बघायला लोक चपला बाहेर काढून येत. दादूशेठच्या त्या छोट्या कंपनीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामांचं संगणकातच वेगळं कोठार होतं. कोठारातून फाइल काढली, की तिला काढणाऱ्याच्या नावाचं कुलूप लागे. त्याने ती परत ठेवेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी रीत. लवूचं काम संपलं तरी कुलूप तसंच राही. मग मालन त्याच्या टेबलाशी जाई... उगाच रागावल्यासारखं करत.

"विसरलात ना पुन्हा?"

"विसरतोय कसला! तुझी वाट बघत होतो गो."

त्या 'गो'ने तिचे कान तापत. पोरगी पार खुळावली होती, दुसरं काय! त्याला थक्क करायचं म्हणून तिने खपून एक कमांड बनवली. एक शब्द टाइप केला, की सगळ्या कोठारांतली कुलपं एकदम समोर... कुणाचं, कधीपासूनचं. आधी लवूलाच दाखवायची होती. पण तो जेवायला गेलेला, आणि मागे दादूशेठ येऊन उभे. कौतुकाच्या भरात तिने कळ दाबली.

स्क्रीनभर लवूचंच नाव.

"म्हणून कामं रखडतात होय! घरी बसवतो त्याला."

"शेठ, नको! ती कुलपं माझ्यासाठी... मी त्याच्याकडे जावं म्हणून. आमचं प्रेम आहे." सगळं ऑफिस ऐकत होतं. मालनने लाज सोडली होती.

"असं? मग दोघंही घरी बसा!"

"नाय शेठ." जेवून आलेला लवू दारात उभा होता. "हिचं नि माझं काय एक नाय. माझाच आळस."

मालनची नोकरी राहिली.

दोन दिवसांनी मुंबईच्या गाडीपाशी तो म्हणाला, "तुझ्यासाठीच बोललो गो..."

"नोकरी दुसरी मिळाली असती, लवू. सगळ्यांसमोर मी हो म्हटलं. तू नाय म्हणालास."

त्याने पिशवी उचलली. 'चल' एवढंच म्हणाला असता, तर ती नेसत्या साडीनिशी गाडीत चढली असती. तो म्हणाला, "जपून राहा."