हातात, की कापडावर?

आधी आवाज आला, मग माणूस.

मी मेक्लोंग नदीच्या काठी, पिकुनमावशींच्या बागेतल्या धक्क्यावर बसून लांब सुईत मोगऱ्याच्या कळ्या ओवत होते. शहरातले पाहुणे इथे सागवानी घरांत राहतात, मातीच्या चुलीवर रांधतात, नदीत डुंबतात. त्यांना माळा शिकवायचं काम माझं.

"मावशी आहेत का घरात? छपराच्या झावळ्या आणल्यात."

सुई बोटात गेली. हा आवाज मला पाठ होता...

गेल्या वर्षी विहारातल्या गायनप्रवचनात याच आवाजानं बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेतलं ते प्रकरण गायलं होतं – वनातून फळं घेऊन परतलेली आई दान दिल्या गेलेल्या मुलांना हाका मारत फिरते, ते. सगळा मंडप डोळे पुसत होता. गाणाऱ्या भिक्खूचा चेहरा हातातल्या ताडपंख्याआड होता; नसता तरी मी वर पाहिलं नसतं. पुढे वर्षभर बुद्धमूर्तीपुढे मी एकच सांगत आले, मला आवडतो तो सूर... फक्त सूर.

आता त्या सुरामागचा माणूस होडीतून उतरत होता. भिजलेला सदरा, आणि डोक्यावर नुकत्या उगवलेल्या भातरोपांसारखे केस.

मी रांजणातलं, मोगरा घातलेलं पाणी आणलं. गुडघ्यांवर बसले, रुमाल पसरला, वाडगा त्यावर ठेवून पुढे सरकवला. बाईनं भिक्खूला हातात काही द्यायचं नसतं.

तो वाडग्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या सदऱ्याकडे.

"पावसाळ्याचा वर्षावास संपला आणि मी भिक्खूचं चीवर उतरवलं हो. हातात दिलंत तरी पाप लागणार नाही."

"सवय..."

"कसली? झावळ्यावाल्यांना नमस्कार करायची?"

"आवाजाची," मी बोलून गेले.

घराच्या वरच्या खिडकीतून मावशींनी टोला हाणला, "दनाय, तुझ्या त्या हाका ऐकल्यापासून रडतेय ही! आणि मालिवान, तो काही सोवळ्यात नाही. चांगला पिकलाय आता."

आमच्याकडे काही काळ भिक्खू होऊन घरी परतलेल्या मुलाला पिकलेला म्हणतात. म्हणजे लग्नाजोगता. माझे कान तापले. तो मात्र झाडावरच्या पपनसांकडे अशा भक्तिभावानं पाहत राहिला, की मावशी जणू त्यांच्याबद्दलच बोलल्या.

मग तो रोज येऊ लागला. तो वर छपरावर, मी खाली माळेशी.

"आज कुठलं प्रकरण गाणार?"

"आज मुकाट्यानं छप्पर."

"मुकं छप्पर गळतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच."

मग तो हळूच गुणगुणायचा आणि माझी कळी सुईवरून निसटायची. पाणी मी अजून कापडावरच ठेवत होते. "आज तरी?" तो विचारायचा. "छप्पर पुरं होऊ दे," मी म्हणायची.

एका दुपारी तो खाली उतरला तो हसलाच नाही.

"विहाराच्या महास्थविरांचा निरोप आलाय. यंदा प्रवचनाला गाणारं कुणी नाही. परत ये म्हणतात... या खेपेस कायमचा."

चिवरापासून माणसाला मागे ओढायचं? माझी जीभ रेटेना. आणि तो गायला, तर मंडपातल्या किती जणांचं मन निवेल...

"जा," मी म्हटलं. "पुण्याचं काम आहे."

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मी ऐकायला येईन. वर बघणार नाही."

तो होडीत जाऊन बसला. त्या रात्री प्रार्थनेत मी काही मागितलं नाही. काय मागावं तेच कळेना.

छप्पर पुरं होत आलं. फक्त शेवटची एक झावळी बांधायची राहिली होती. मी टोकाला गुलाबकळी लावून निरोपाची माळ केली. तो आला, खांद्यावर पिशवी, अंगावर धुतलेला सदरा. मी रुमाल काढला... पण तो पसरवेना.

"सांगा," मी म्हटलं, "हातात देऊ, की कापडावर ठेवू?"

त्यानं पिशवी खाली ठेवली.

"विहारातूनच येतोय. तिथल्या धाकट्या भिक्खूंना चाल शिकवायचं कबूल केलंय. गळा त्यांचा, चाल माझी."

"आणि तुम्ही?"

"गेल्या वर्षी गाताना पंख्याच्या कडेवरून पुढच्या चटईवरची एक मुलगी दिसायची. डोळे टिपणारी. भिक्खूनं बघायचं नसतं... मी बघितलं. महास्थविरांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, मग तू खरोखरच पिकलास बाबा."

त्यानं तळहात पुढे केला.

"हातात."

मी माळ ठेवली. माझा हात काही परत येईना.

"मी माळ दिली होती. हात नव्हे."

"माळेबरोबर तोही ओवून आला," तो म्हणाला.

"ती शेवटची झावळी कोण बांधणार रे, मी?" वरून मावशी म्हणाल्या.

यंदाच्या प्रवचनाला आम्ही एकाच चटईवर बसलो. कोवळ्या भिक्खूचा आवाज आधी थरथरला, मग सुराला लागला. दनायचे ओठ नुसतेच हलत होते. आई मुलांना हाका मारू लागली आणि माझे डोळे भरले. मी रुमाल चाचपू लागले. शेजारून एक रुमाल आला... हातातून हातात.

आणि मी वर पाहिलं.