नसलेल्या टेकडीवरून

संध्याकाळी दिवस मावळायच्या बेताला ग्लेनिसने आपली जुनी गाडी घळीच्या तोंडाशी उभी केली आणि मागच्या सीटवरून कर्णा, विजेरी आणि चहाचा थर्मास काढला. गेली कित्येक वर्षं ती हेच काम करत आली होती. रानात जायचं, कर्ण्यातून घुबडाची टिपलेली हाक वाजवायची आणि उत्तर येतं का ते ऐकत गप्प उभं राहायचं. हार्टनेल गावातली माणसं तिला गमतीने घुबडीण म्हणत. तिला राग येत नसे.

जुलैची थंडी होती; या दक्षिणेकडच्या मुलखात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. घळीतल्या निलगिरींच्या साली ओल्या होऊन काळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या मधून वॉटलच्या झुडपांची पिवळी फुलं तेवढी दिसत होती. पाठीमागे, कुंपणापलीकडे, दगडाची खाण. तिथे पूर्वी किट्सनची टेकडी होती, अख्खी झाडांनी झाकलेली. आता टेकडीच्या जागी एक भलामोठा खड्डा होता आणि टेकडी खडी होऊन हमरस्त्याखाली जाऊन निजली होती.

कुंपणाच्या फाटकातून डेस आला. खाणीत सुरुंग लावायचं काम त्याचं. कंपनीने साक्षीदार म्हणून त्यालाच पाठवलं होतं.

"काय घुबडीणबाई, आज तरी पाहुणे येणार का?"

"तू तोंड बंद ठेवलंस तर येतील."

"माझी बायकोही हाक मारली की ओ देत नाही. तुझ्या घुबडांना काय नावं ठेवू?" असं म्हणत त्याने तिच्या थर्मासचं झाकण स्वतःच उघडलं. डेस तिच्या नवऱ्याचा, मर्वचा, लहानपणापासूनचा दोस्त. मर्वच्या शवपेटीला त्यानेच पहिला खांदा दिला होता. त्यामुळे चहावर त्याचा हक्कच होता म्हणा ना.

टेकडी फोडायची ठरली तेव्हा गावच्या सभागृहात बैठक झाली होती. कंपनीची माणसं, नगरपालिकेची माणसं, केक आणि चहा. विकास आणि रान यांचा समतोल साधायचा, असं सगळेच म्हणाले. टेकडी कंपनीने घ्यायची, घळ रानासाठी सोडायची. मात्र या रानातलं दुर्मिळ मोठं घुबड घळीत नांदतं आहे तोवरच! आता टेकडी संपली होती, कंपनीला आणखी दगड हवा होता आणि घळीत घुबड उरलंच नाही असं कंपनीचं म्हणणं होतं. खाण बंद पडली तर डेसचं आणि त्याच्या दोन्ही मुलांचं काम जाणार, हे ग्लेनिसला माहीत होतं. आणि ही शेवटची संध्याकाळ होती. आज दोघांनी मिळून घळीतून उत्तर ऐकलं नाही, तर घळ जाणार. मग ग्लेनिसला या जगात प्रेम करावं असं काय उरणार होतं, कोण जाणे.

तिने कर्णा घळीकडे वळवला. त्यातली हाक तिने आणि मर्वने मिळून टेपवर टिपली होती, टेकडीवर, टेकडी होती तेव्हा. घुबडाच्या दोन गंभीर हाका, आणि त्यानंतर मर्वचा कुजबुजता आवाज: "हलू नकोस, ग्लेन. ते बघतंय आपल्याकडे." त्यावर ती काही बोलली नव्हती, श्वाससुद्धा रोखून धरला होता. वाजवताना दरवेळी ती मर्वचा आवाज यायच्या आत कळ दाबून बंद करी. तो आवाज रानाला ऐकवायचा नव्हता. तो तिचा होता.

हू... हूऽऽ.

दोघं थांबली. एक किडाही बोलला नाही. तिने पुन्हा वाजवली, पुन्हा थांबली. मग तिसऱ्यांदा. या कामात तीनच वेळा हाक द्यायची, हा नियम. परकं घुबड आपल्या हद्दीत शिरलंय असं वाटून पक्षी चवताळतो, अंड्यांवरून उठून भांडायला निघतो. तिने शिकाऊ मुलांना हे घसा कोरडा पडेपर्यंत बजावलं होतं.

घळ मुकी राहिली. डेसने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल गं. सर्दी होईल."

आणि उत्तर आलं.

पण ते पाठीमागून आलं. खाणीतून.

हूऽऽऽ. एकच, लांबलचक हाक.

"प्रतिध्वनी," डेस म्हणाला.

"आपल्या टेपवर हाका दोन आहेत, डेस. ही एकच. आणि इतक्या उशिरा?"

पुन्हा हाक आली. ती खड्ड्याच्या तळातून येत नव्हती. वरून येत होती, अधांतरी, जिथे काहीच नव्हतं तिथून. डेसने मान वर केली आणि त्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिला. ती जागा त्याला ओळखू आली. शेंड्यावरचा पहिला सुरुंग त्याने तिथेच लावला होता.

"तिथं... तिथं टेकडीचा माथा होता," तो हळूच म्हणाला.

दगडी भुकटीचा वास सदाचाच. पण आता वाऱ्यावर निलगिरीच्या मोहराचा गोडसर वास आला, आणि पानांची सळसळ, पुष्कळ पानांची. खाणीच्या बाजूने.

ग्लेनिसला तिथून पळावंसं वाटलं. पण घळ जाणार होती. माणूस आशेला चिकटला की त्याला भीतीही अडवत नाही. तिने कळ दाबली. चौथ्यांदा. मग पाचव्यांदा. मग तिने मोजलंच नाही.

आणि घळीतून, अगदी जवळून, उत्तर आलं. जिवंत, रागावलेलं, घोगरं.

"ऐकलं!" डेस ओरडला. "ऐकलं गं बाई! घळीतून आलं. मी सांगेन, कुणीही विचारू दे. मुलांचं बघू नंतर." त्याचे डोळे भरून आले होते. ग्लेनिस हसत होती, रडत होती. घळ वाचली!

तेवढ्यात खाणीकडून ती लांब हाक पुन्हा आली.

घळीतून मोठी सावली उठली. पंखांचा आवाज नाही, काही नाही. त्यांच्या डोक्यावरून ती कुंपण ओलांडून गेली.

"नको," ग्लेनिस म्हणाली. "अगं नको, तिकडे नको..."

तिने विजेरी वर केली. खड्ड्याच्या वर, मोकळ्या हवेत, घुबड बसलेलं होतं. पंख मिटलेले. पायांची नखं कशाला तरी घट्ट धरलेली. आणि फांदी वाऱ्याने हलावी तसं ते सावकाश वरखाली होत होतं. त्याने मान फिरवून दोघांकडे पाहिलं. उजेड क्षणभर सरकला, तिने तो पुन्हा स्थिर केला तेव्हा तिथे फक्त आभाळ होतं.

डेसने शब्द पाळला. घळीतून उत्तर आलं, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. कंपनीने मान डोलावली आणि आपली माणसं दोर लावून घळीतल्या झाडांवर चढवली. एका ढोलीत दोन पांढरी अंडी सापडली. गार. उबवणारं कुणी परत आलं नव्हतं, जोडीदारही कुठे दिसला नाही. घुबड होतं, पण आता नांदत नाही, असं ठरलं. करार करारासारखा पाळला गेला. कुणी फसवलं असतं तर ग्लेनिसला भांडता तरी आलं असतं. पण अंड्यांवरच्या त्या मादीला हाक देऊन उठवलं होतं तिनेच. हे ती डेसला रोज सांगे, आणि डेस रोज म्हणे, "सोड ना आता." ते तिला सोडता येत नव्हतं.

उन्हाळा लागायच्या आधी घळ भुईसपाट झाली.

घळीतला पहिला सुरुंग डेसनेच उडवला. त्या संध्याकाळी तो कुंपणाशी आला तेव्हा ग्लेनिस तिथे उभी होती, गळ्याभोवती मर्वचा मफलर. कर्णा घरी कपाटात होता, त्यातले सेलही तिने काढून फेकले होते.

"इथं कशाला आलीस?" डेस म्हणाला. त्याच्या कपड्यांना सुरुंगाच्या दारूचा जळका वास येत होता.

"ऐकायला."

खडी फोडणारा क्रशर बंद झाला होता. धूळ खाली बसत होती. मग पानं सळसळली. आता जास्त पानं होती. घळीच्या बाजूनेही. बेडूक बोलायला लागले, ज्या ओढ्यावर आता दगडांचा ढीग होता त्या ओढ्यातून. मोहराचा वास इतका दाटला की डेसने नाक दाबून धरलं.

हू... हूऽऽ.

दोन हाका. टेपवर टिपलेली होती ती, नेमकी तीच. ग्लेनिसला पुढचं ठाऊक होतं. तिने डोळे मिटले.

"हलू नकोस, ग्लेन," वरच्या रिकाम्या हवेतून मर्व कुजबुजला. "ते बघतंय आपल्याकडे."

डेसने छातीवर क्रूसाची खूण केली. "मर्व..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

ग्लेनिसने मफलर दोन्ही हातांनी तोंडावर गच्च दाबला होता. श्वाससुद्धा बाहेर पडत नव्हता. इथे टेप संपायची, तिला माहीत होतं.

ती संपली नाही. तिथूनच, मर्वच्या अगदी शेजारून, बाईचा हलका, हसरा, डेसच्याही ओळखीचा आवाज आला.

"मी कुठं हलतेय?"

डेस कितीतरी वेळ त्या मोकळ्या आभाळाकडे बघत राहिला. मग त्याने सावकाश मान वळवून शेजारी पाहिलं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "तू... तू तर इथं आहेस ना?"