निळ्या कोंबडीची खुंटी

"हळू मार ना, भिंत पडेल!"

"पडू दे की! नाहीतरी आज दुपारी पाडणारच आहेत!" असं म्हणत फेर्मीनने चेंडू पुन्हा हाणला.

ईस्टरची सुट्टी होती. फेर्मीन, त्याची मोठी बहीण इत्सेल आणि तिची मैत्रीण नायेली चौकातल्या जुन्या तुरुंगात खेळत होते. मोटारींच्या फाटकासाठी तिथली लांब भिंत जाणार होती.

धप्प! चुन्याची मोठी खपली खाली आली. आत कापलेल्या लाकडी खुंटीचं बूड दिसलं.

"कैद्यांच्या टोप्या टांगायला असेल," नायेली म्हणाली.

"एवढ्या खाली? कैदी काय बुटके होते?"

इत्सेलने खुंटीखालचा चुना खरवडला. आत निळी कोंबडी रंगवलेली! तिने आणखी खरवडलं, तर पुढच्या खुंटीखाली ससा, त्यापुढे चंद्र.

"अगं, ही शाळा होती! वाचता न येणाऱ्या पोरांना आपापली खुंटी ओळखता यावी, म्हणून ही चित्रं!" इत्सेल ओरडली.

"तुरुंग म्हणजे तुरुंग! पाटीवर लिहिलंय ना? पळा इथून!" मागून इंजिनिअर बाल्तासार गरजले.

फेर्मीनने भोळ्या चेहऱ्याने वही पुढे केली. "मग साहेब, 'कैद्यांसाठी कोंबडी काढली होती' असं लिहून सही करा ना. शाळेत आमच्या बाईंना दाखवायचंय."

साहेबांचं पेन अडलं. "थांबा, कागदपत्रं बघून येतो," ते चिडून म्हणाले आणि नगरपालिकेकडे गेले. मजुरांनी जेवणाचे डबे उघडले.

"पळ, इत्सेल! कुणा जुन्या माणसाला विचारून ये!" नायेली कुजबुजली.

चौकाच्या कमानीखाली रेफुहिओमावशी मक्याच्या पानात वाफवलेले तामाले विकायच्या. चौकातलं सर्वांत म्हातारं माणूस त्याच. इत्सेलने कोंबडीचं नाव काढताच त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"ओतिलियाबाईंची शाळा!" त्या हळूच म्हणाल्या. "दोनच वर्षं चालली. शेतमजुरांची पोरं शिकलेली जमीनदारांना खपली नाहीत. त्यांनी बाईंना हाकलून दिलं. तोंड उघडायचं नाही, असा घरच्यांनी आम्हाला दम दिला. मग तिथे तुरुंग झाला."

इत्सेल आणि मावशी धावतपळत भिंतीपाशी पोहोचल्या, तेव्हा साहेबही परतले होते.

"कागदात काही नाही. एवारिस्तो, मार घण!"

डोंगरापलीकडून कामाला आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने घण उचलला, भिंतीकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"नाही मारणार, साहेब. तो ससा माझा आहे."

"अरे देवा! रडका एवारिस्तो तू?" मावशी ओरडल्या.

"आणि तू माझी पाटी पळवणारी रेफुहिओ, आमची कुका!"

मावशींनी बोटांनी आपली निळी कोंबडी चाचपली. बघता बघता चौकातली माणसं जमली, नगराध्यक्षही आले. फाटक मागच्या बाजूला न्यायचं ठरलं. साहेबांनी टोपी काढली. "शाबास, पोरांनो! मी नुसती पाटी वाचली, तुम्ही भिंत वाचलीत!"

मावशींनी तिघांना गरम तामाले दिले. एवारिस्तोबाबा संकोचत नायेलीशेजारी पायरीवर बसले.

"पोरी, बाई गेल्या तेव्हा आम्ही 'एमे'पर्यंत, या M अक्षरापर्यंत आलो होतो. त्याच्या पुढचं अक्षर कोणतं गं?"

नायेलीने धुळीत बोटाने 'एने', म्हणजे N काढलं. बाबांनी खाली वाकून तिच्या अक्षराशेजारी स्वतःचं काढलं.