जमुनेचं बाळसं

"बाई, हे विष आता बंद," असं म्हणून पियुषनं कागदाच्या साऱ्या पुड्या मोरीत रिकाम्या केल्या आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं... पांढऱ्या गोळ्या जाळीपाशी अडखळल्या, विरघळल्या, वाहून गेल्या. आणि चौकटीला धरून उभी असलेली त्याची थोरली बहीण जमुना नुसती पाहत राहिली.

"त्या वलगावच्या डॉक्टरनं तुले सवय लावून देल्ली," तो म्हणाला. "त्यात काय हाये, त्याले तरी मालूम हाये काय? दिवसभर पडून रायतं तू. तोंड कसं सुजलं, आरशात पाह्य जरा."

"बरं," जमुना म्हणाली. तो आपल्या भल्यासाठीच बोलतो आहे हे तिला कळत होतं. पण उद्या सकाळी हे हातपाय उचलतील कसे, हे त्याला कसं सांगावं, ते मात्र कळत नव्हतं.

आई गेली तेव्हा पियुष चार वर्षांचा होता आणि जमुना सतराची. पुढं वडील नत्थुजी अर्धांगानं खाटेला खिळले आणि वलगावची सहा एकर काळी जमीन तिच्या अंगावर आली. कापसाचे भाव पडले, मजूर लावणं परवडेना, तशी निंदणापासून वेचणीपर्यंतची सगळी कामं तिनं आपल्या दोन हातांवर घेतली... आणि एका हिवाळ्यात त्या हातांचीच बोटं सुजली. सकाळी वेणी घालता येईना. पियुष तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात शिकत होता. त्याला कळलं असतं तर तो त्याच दिवशी पुस्तकं बांधून घरी आला असता. म्हणून ती गावातल्या डॉक्टरकडे गेली. त्याच्याकडे पदवी आहे की नाही, हे गावात कुणी विचारत नसे. त्यानं एक पुडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी जमुना कापूस वेचायला उभी राहिली!

पुडी आठ वर्षं चालली. तिचा चेहरा गोल झाला, गाल चकाकले, मानेवर मांस चढलं. चांदूर बाजारच्या पाहुण्यांनी तिला पाहिलं आणि जमू घातलेली सोयरीक मोडली. बाया म्हणत, "जमुनाले बाळसं आलं व! भाऊ मास्तर झाला, बहीण खाऊन रायली." ती हसून पुढं जाई. रात्रीची भाकर तिच्या घशाखाली उतरत नसे, हे सांगायचं तरी कुणाला...

मागच्या दिवाळीत नत्थुजी गेले. पियुष अकोल्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होता. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन त्यानं बहिणीला आग्रहानं घरी आणलं; पुड्या तिला गावाहून येत राहिल्या. त्याची बायको रागिणी वाईट नव्हती. पण तिचे दिवस भरत आले होते, घरात काम वाढलं होतं, आणि दुपार झाली की धापा टाकत आडवी होणारी नणंद तिला आळशी वाटे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात जमुनेला हाक मारायला शेजार नव्हता, बोलायला बैल नव्हते. कधी कधी संध्याकाळ होई, आणि तिच्या ध्यानात येई की आज आपण एक शब्दही बोललो नाही.

पुड्या गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी बाळाचं बारसं होतं. मुलगी झाली होती. नाव आत्यानं ठेवायचं, हा मान जमुनेचा. पण पहाटेपासून तिला उठवत नव्हतं. पोटात अन्न ठरेना, डोकं वर केलं की भिंती फिरत. माणसं जमली. पाळणा सजला. दारातून दोनदा बोलावणं आलं.

तिसऱ्यांदा पियुष स्वतः आला. पाहुण्यांसमोर खाली पाहावं लागल्याचा राग त्याच्या आवाजात होता. "काहून असं करून रायली तू? सारे वाट पाहून रायले. आमचं सुख तुले पाहवत नाही काय?"

जमुनेनं त्याच्याकडे पाहिलं. ज्या पोराला तिनं कडेवर घेऊन आईच्या चितेपासून घरी आणलं होतं, त्याच्या तोंडचं ते वाक्य तिच्या काळजाच्या पार झालं... ती भिंतीला धरून उठली, पदर सावरला, पाळण्यापर्यंत चालत गेली. बाळाच्या कानाशी वाकली, आणि तिथेच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टर इफ्फत यांनी तिची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. सलाईन लागलं, शिरेतून इंजेक्शन गेलं. तासाभरानं तिनं डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "गोळ्या खात होतात ना? किती वर्षं? बंद कोणी केल्या?"

जमुनेनं पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावाचा पांढराफटक चेहरा पाहिला. "म्याच केल्या," ती पुटपुटली. "संपल्या होत्या."

"नाही," पियुष म्हणाला. "म्या फेकल्या."

इफ्फतबाईंनी त्याला बाजूला नेलं नाही. दोघांनाही ऐकू येईल असं सांगितलं. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. ताप येवो, उपास पडो, दुःख कोसळो, माणसाला त्यातून तारून नेणारा रस ती बनवते. तोच रस आठ वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्यांतून बाहेरून आला, म्हणून ती ग्रंथी काम सोडून आक्रसली. चेहऱ्याची सूज त्या गोळ्यांचीच. आणि त्या एकदम तोडल्या, तेव्हा शरीराजवळ काहीच उरलं नाही.

"ग्रंथी मेली काय?" पियुषनं विचारलं.

"तिच्या सालीखाली मूळ पेशी असतात. त्यांच्यातून नव्या पेशी तयार होतात. पण त्याला महिने लागतील, वर्षही लागेल. तोवर औषध मोजून द्यायचं, हळूहळू उतरवायचं. पूर्ण सुधारेलच, असं मी सांगणार नाही. सांध्यांचा उपचार वेगळा."

तीन वर्षं पियुष त्याच ग्रंथीची आकृती फळ्यावर काढत आला होता. तो स्टुलावर बसला आणि तोंड हातांत लपवून रडू लागला.

"मले सांगतलं काहून नाही, बाई?"

"तुयी परीक्षा होती."

"कोणती?"

"दरवर्षीच होती ना रे."

आठव्या दिवशी ती घरी आली. नाव तिच्यासाठीच थांबवून ठेवलं होतं. तिनं पाळण्याशी बसून बाळाच्या कानात 'जेबा' म्हटलं तर चालेल का, असं भीत भीत विचारलं. नाव दवाखान्यात शेजारच्या खाटेवर असलेल्या बाईच्या नातीचं होतं, तिला आवडलं होतं. रागिणीनं मान हलवली.

दुपारी घर निजलं होतं. रागिणी बाळाला थोपटून जमुनेच्या खोलीत आली, दाराशी घुटमळली, मग तिच्या उशाशी बसली. वर्षभर एका घरात राहून ती तिथं पहिल्यांदाच बसत होती.

"बाई," तिनं हळूच विचारलं, "कुठं कुठं दुखते तुमाले?"

जमुनेचे डोळे भरून वाहू लागले... रागिणी उठली नाही. मग जमुनेनं आपला उजवा हात पुढं केला आणि करंगळीपासून सांगायला सुरुवात केली.